हा वास माणसाचा आहे

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, लॅबमध्ये इतकी वर्षं माझ्याच डब्यात हात घालणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, आमच्या दिवाणावर बसणार नाही, म्हणूनही असेल.

अर्धी गोष्ट मी खूप जणांना सांगितली आहे. मांजरीची. आमची बुंदी वाळूचं घमेलं सोडून अंथरुणात कशी मुतायची आणि मी तिची खोड कशी मोडली, ती. लोक पोट धरून हसतात. कुणाकडे मांजर असली की मला हमखास फोन येतो. फिनेल वापरू नका, वाळू बदला, घमेलं वर्दळीत ठेवू नका — मी भरभरून सांगते. त्या गोष्टीत एक माणूसही होतं. ते मी गाळते. इतक्यांदा गाळलं आहे की आता अडखळायलाही होत नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते. म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. की मी नुसतीच वेळ काढतेय? असेलही.

मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, लघवी तपासायची. स्वभाव मुळातच शक्की, त्यात नोकरीनं भर घातली. नोकरीच्या मेडिकलसाठी आलेला पोरगा बाटलीत नळाचं पाणी मिसळून आणतो. साखरेचा आजार असलेले एखादे काका सुनेची लघवी स्वतःची म्हणून देतात, रिपोर्ट बरा यावा म्हणून. बाटली हाताला कोमट लागली नाही की मी माणसाकडे बघते आणि माणूस छताकडे बघतो. एवढ्यात समजायचं ते समजतं. तर घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं, की या बाबतीत संगीताला कुणी फसवू शकत नाही. मलाही तसंच वाटायचं. अभिमान होता म्हणा ना.

आमचे हे एसटीत कंडक्टर. सासरे वारले तशा आत्याबाई आमच्याकडे आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. फ्लॅट लहान. हॉलमधला दिवाण त्यांचा झाला. त्यावर त्यांची वाकळ — स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी. विहारात वंदनेला नेसून नेसून विरलेल्या पांढऱ्या साड्या त्यांनी तिच्यात घातल्या होत्या. ती वाकळ त्यांना उन्हाळ्यातही लागायची.

दर पौर्णिमेला त्या मला कॉलनीतल्या विहारात न्यायच्या. मी आपली दाराजवळ टेकायला बघायची, मोबाईल बघता येतो, लवकर सटकता येतं. त्या माझ्या दंडाला धरून आत ओढायच्या. "सरक, मधी बस." सतरंजीच्या मधोमध, पहिल्या रांगेत. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं म्हणे, की पोरी, कडेला बसायचे दिवस गेले आपले, सतरंजी अंथरलेली दिसली की मधोमध बसायचं. ते त्या इतक्यांदा सांगायच्या की मी आणि प्रज्ञा, माझी मुलगी, पाठीमागे तोंडातल्या तोंडात ते वाक्य पुरं करायचो. आणि हसायचो.

बुंदीला प्रज्ञानंच आणलं. समोर बांधकाम चालू होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावर सापडलेलं पिल्लू. अंगावर बुंदी पाडल्यासारखे ठिपके. तिथलीच वाळू घमेल्यात भरून बाल्कनीत पाण्याच्या ड्रमांशेजारी ठेवली आणि ती भवानी पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखी तिथं जाऊ लागली. आत्याबाईंना मांजर आवडायची नाही. पण दुधाची साय कोण गायब करून तिला घालतं, हे मला शोधावं लागलं नाही.

मग तो उन्हाळा आला. लातूरच्या पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. नळ एकदा येऊन गेला की पुन्हा कधी येईल ते गल्लीतल्या अफवांवर. ड्रममधलं पाणी म्हणजे तूप असल्यासारखं वापरायचं. मांजरीचं घमेलं धुवायला कोण पाणी देणार? मी वाळू वरवर उपसायची आणि फिनेल ओतायची. भसाभस. लॅबमध्ये आम्ही सगळीकडे तेच ओततो. वास मारला म्हणजे स्वच्छ झालं, हा आमचा धंद्यातला धर्म.

आणि हॉलमध्ये वास यायला लागला.

आधी पुसट. मग दार उघडलं की नाकात बसणारा. दिवाणाजवळ जास्त. आत्याबाईंनी पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं — "ही बुंदी मुतायली हितं. बघ की जरा तिच्याकडं." मला राग आला. का आला? मांजर माझ्या पोरीची म्हणून? का आत्याबाई बोलल्या म्हणून? मी म्हटलं, मांजर असलं काही करत नाही, तिला तिची जागा आहे. आणि मनात लगेच दुसरं चाक फिरायला लागलं. ही बाई मांजरीचं नाव का घेतेय?

एकदा शक आला की त्याला पुरावे आपोआप मिळतात. आत्याबाई हल्ली मोरीकडे जास्त जातात — जातातच. परकर स्वतः धुतात, मला देत नाहीत — का देत नाहीत? वाकळ सकाळी घाईघाईनं घडी करतात — घाई कशाची? त्या आंघोळीला गेल्या की मी वाकळीची घडी उलगडून वास घ्यायची. शहाणीसुरती बाई मी, आणि सासूच्या अंथरुणात नाक खुपसून उभी राहायची. मोरीतला तांब्याचा आवाज थांबला की पटकन घडी घालून स्वयंपाकघरात.

वाकळ धुवायला पाणी नाही. मग गच्चीवर उन्हात टाकायची. उन्हानं वास मरत नाही, झोपतो. रात्री घाम लागला की पुन्हा जागा. आणि जिथं एकदा वास बसला तिथं मांजर पुन्हा जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. इथपर्यंत माझी चूक ही चूक होती. इथपर्यंतचीच मी धरून बसते, म्हणून सांगितलं.

एका रविवारी आमच्या ह्यांनी विचारलं. ड्यूटी नव्हती, सगळे घरात. जेवताना घास खाली ठेवून म्हणाले, "वास कशाचा आहे हा? मांजरीचा का?" आणि माझ्याकडे बघितलं. प्रज्ञानंही बघितलं. आत्याबाईंनीही बघितलं — त्यांना वाटलं असेल, आता ही खरं सांगेल, हिला कळतं.

मी म्हणाले, "मांजरीचा नाही. हा वास माणसाचा आहे."

आत्याबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं आसतं की." पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. प्रश्न होता. त्या दिवसापासून त्यांनी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. मी बघितलं. तांब्या भरलेला तसाच. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, म्हणजे माझं खरंच होतं. नाहीतर ही पाणी का सोडेल?

आता ती दुपार.

डोकं दुखत होतं म्हणून मी लॅबमधून लवकर निघाले. प्रज्ञा शाळेत, हे गाडीवर. आत्याबाई जरा पडून उठल्या होत्या आणि खाली शेजारणीकडे गेल्या होत्या, जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. मी दार उघडलं. दिवाणावर बुंदी. वाकळ पुढच्या पायांनी उकरत होती, वाळू उकरतात तशी. मग बसली. माझ्याकडे बघत बघत तिनं आपलं काम उरकलं, पुन्हा उकरून झाकल्यासारखं केलं आणि खाली उडी मारून निघून गेली. वाकळीच्या पांढऱ्या साडीवर डाग पसरत गेला.

मी काय करायला हवं होतं? जिन्यात जाऊन हाक मारायला हवी होती. आत्याबाई, या, बघा, तुमचं खरं होतं. बास. एवढंच. हसण्यावारी गेलं असतं. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या, हक्कानं.

मी आधी वळून दाराकडे बघितलं. कुणी बघितलं का, एवढाच विचार आला. आणि दार लोटून घेतलं.

मला अजून कळत नाही की तेव्हा मी कशाला घाबरले. घरात माझा शब्द खोटा पडेल म्हणून? प्रज्ञाची मांजर जाईल म्हणून? की हॉल मोकळा हवा होता मला — हो, तेही होतं, नाही कसं म्हणू? तेवढ्यात आत्याबाई वर आल्या. दिवाणावर टेकल्या. हात ओल्यावर पडला.

त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही बोलले नसते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी बोलले. गोड आवाजात बोलले, लॅबमध्ये म्हाताऱ्या पेशंटशी बोलतो त्या आवाजात. "असू द्या आत्याबाई. वय झालं की होतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी घडीभर पडले होते गं. तवाच झालं आसंल. मला कळंना बघ कधी होतंय ते." म्हणजे मला पुरावा जुळवावाही लागला नाही. त्यांनीच जुळवून दिला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवला मी हात.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. हेच सांगायचं होतं हिला. मीही स्वतःशी कबूल करते तेव्हा इथंच थांबते. पण हे ते नाही.

दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता मी बुंदीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, तपासलं. आजार काही नाही म्हणाले. वाळूत काय टाकता? मी म्हटलं, फिनेल. ते हसले. मांजरीच्या नाकाला तो वास सहन होत नाही, विषारीही असतो तो तिला. ती तिथं पाय ठेवणारच नाही. घमेलं साबणानं धुवा, वाळू ताजी घाला, ड्रमांपासून बाजूला ठेवा, आणि जिथं मुतली ते अंथरूण एकदा स्वच्छ धुऊन काढा. दोन दिवसांत ठिकाणावर येईल.

इतकं सोपं होतं ते.

घरी आले. बाल्कनीत फिनेलची बाटली होती. घमेलं होतं. मी उभी राहिले, आणि विचार केला. नीट, शांतपणे केला. आत्याबाई इथं असताना वास थांबला, तर? हे विचारणार, कसा थांबला? मांजरीचं घमेलं मी धुतलं, हलवलं हे प्रज्ञाला दिसणार. मग सगळं उलगडणार. पण आत्याबाई इथून गेल्यावर थांबला, तर?

मी बाटलीचं झाकण काढलं आणि घमेल्यात ओतलं. त्या दिवशी ओतलं. पुढचे दिवसही ओतत राहिले. माहीत असून. बुंदी जवळ यायची, नाक उडवायची, मागं फिरायची आणि दिवाणाकडे जायची. मी बघत राहायची. आता तुम्हाला कळलं ना, मी काय केलं? ते मांजरीनं केलं नव्हतं. मी करवून घेत होते.

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, मला अहमदपूरला धाकट्याकडं नेऊन सोडा. तिथं त्याची बोअर आहे, पाणी रोज आहे, रोज धुता येईल. पोरीला शाळेचा अभ्यास असतो, तिला वास नको. कुणी जा म्हणालं नाही त्यांना. असल्या गोष्टी आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वाकळ त्यांनी नेली नाही. "ही आता कुणाच्या कामाची न्हाई, टाकून दे," म्हणाल्या. ह्यांनी त्यांची पिशवी उचलली आणि स्वतःच्याच एसटीत, चालकामागच्या सीटवर बसवून नेलं.

त्या गेल्या आणि मी घमेलं धुतलं. ड्रममधलं चांगलं पाणी घेऊन. ताजी वाळू घातली. नळ आला तेव्हा वाकळही धुतली आणि घडी घालून माळ्यावर टाकली. बुंदी सुतासारखी सरळ झाली. वास गेला.

एका संध्याकाळी हे सोफ्यावर बसून म्हणाले, "आई गेली आणि..." डोळे पुसले. त्यांना वाटलं, आपल्याला आईच्या जाण्यानं हलकं वाटलं, आपण किती वाईट. मी त्यांना पाणी दिलं. त्यांना काही संशय आला असेल का? मी अजून त्यांच्या चेहऱ्यावर शोधते. ते फिनेलची बाटली उचलून बाजूला ठेवतात तेव्हा, बुंदी मांडीवर बसते तेव्हा. नुसते गप्प बसले तरी मला वाटतं, माहीत आहे. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांवर शक घेतला तिला आता स्वतःच्याच घरात प्रत्येक नजर तपासून बघावी लागते. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. नका करू.

आता दर महिन्याला हे मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट घेतात आणि अहमदपूरच्या गाडीवर ड्यूटी असली की घेऊन जातात. कोणतं घ्यायचं ते मीच सांगितलं. मला कळतं ना त्यातलं. धाकट्या जावेनं मला एकदा फोनवर सांगितलं, "ताई, खरं सांगू का, हितं एकदाबी झालं न्हाई तसलं. समदे कोरेच निघत्यात. पण आत्याबाई आयकत न्हाईत." ती गप्प झाली. ती का गप्प झाली? माझ्या बोलण्याची वाट बघत होती का? मला पुन्हा एक दार उघडं मिळालं होतं. मी म्हणाले, "असू दे. काळजी घेतलेली बरी."

गेल्या पौर्णिमेला आम्ही अहमदपूरला गेलो होतो. विहारात वंदना होती. मी जरा उशिरा पोचले. आत सतरंजी अंथरलेली, पांढऱ्या साड्यांच्या बायका दाटीनं बसलेल्या. आत्याबाई मला मधे दिसेनात. पहिल्या रांगेत नाहीत, दुसऱ्या रांगेत नाहीत.

त्या दाराबाहेर होत्या. जिथं चपला काढतात तिथं, फरशीवर. खाली खताच्या पोत्यातून कापून काढलेलं मेणकापड. ते त्या घडी करून पिशवीत घेऊन येतात, जाऊ म्हणाली, कुठंही गेल्या तरी. लग्नात, दवाखान्यात, कुणाच्या घरी. आतून एक बाई त्यांना हाका मारत होती, या की आत, मावशी. त्या हात हलवून म्हणत होत्या, "न्हाई, हितंच बरं हाय. वारा लागतो." वारा नव्हता.

मला बघून त्यांचा चेहरा फुलला. खुणेनं त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. माझा कान जवळ ओढून त्यांनी विचारलं, "खरं सांग संगीता. वास येतो का गं माझा? तुला कळतं."

साबणाचा वास येत होता. आणि उन्हात वाळलेल्या सुती साडीचा.

"नाही येत," मी म्हणाले.

त्या हसल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "मन राखतीस. लई गुणाची हाईस तू." मग आतल्या सतरंजीकडे बोट दाखवलं. "जा. मधी बस. कडंला नको बसू."

मी आत गेले. बायकांनी सरकून जागा दिली. मी मधोमध बसले.